रेघ ओढण्याआधी: पालखी मार्ग आणि महामार्ग यंत्रणेची रचना

महामार्गाचे परिणाम गावावर, शेतीवर, पाण्यावर आणि झाडांवर होतात, हे रस्ता बांधणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला मान्य असते. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापासून. हे परिणाम तोलायचे कोणी: आराखडा करणाऱ्या अभियंत्यांनीच, त्यांच्या कार्यालयातल्या वेगळ्या शाखेने, की त्या कार्यालयाशी संबंध नसलेल्या कोणी? आणि तोलायचे कधी, नकाशावर आखणीची रेघ ओढण्याआधी की नंतर? पाटसपासून बारामती आणि इंदापूर तालुके ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग हा प्रश्न तपासायला सोयीचा आहे.

राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी असे या रस्त्याचे सरकारी नाव. पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसवली गेली. काम तीन टप्प्यांत विभागलेले आणि खर्चाचा अंदाज सुमारे ४,४०० कोटी रुपयांचा. उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही गावे या वाटेवरची. यांतली बहुतेक पालखीच्या मुक्कामाची किंवा विसाव्याची, आणि बरीचशी नीरा डाव्या कालव्यावर पोसलेली. वर्षातून एकदा या रस्त्यावर वारी असते आणि चार-पाच महिने ऊस असतो.

पुढील संवादातले दोघे कल्पित आहेत. एक सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले अभियंता; त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात. दुसरे बेलवाडी-लासुर्णे पट्ट्यातले ऊस बागायतदार, गावचे ‘अण्णा’. माणसे कल्पित असली तरी त्यांच्या हरकती आणि उत्तरे नवी नाहीत.

साहेबांची सुरुवात ठाम आहे. “अण्णा, रस्तेवाले काही तोलतच नाहीत असं म्हणू नका. महामार्गांचे पर्यावरणीय परिणाम कसे पाहायचे याची मार्गदर्शक पुस्तिका इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच काढली. २००६ ची पर्यावरण अधिसूचना आहे. जमिनीच्या मोबदल्याला २०१३ चा कायदा आहे. आणखी काय पाहिजे?”

“कायदे आहेत ते ठाऊक आहे साहेब. रुंदीकरणाच्या रस्त्याला त्यातलं काय लागू होतं तेवढं सांगा.”

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अडचणीचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यमापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. जमीन घेण्याआधी किती कुटुंबांवर परिणाम होईल, कमी जमिनीत काम भागेल का, दुसरी जागा शक्य आहे का, हे ग्रामपंचायतीशी सल्लामसलत करून तपासायचे, असा त्याचा आशय. पण राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन घेतली जाते ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली, आणि तो अधिनियम २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. अनुसूचीतल्या कायद्यांना मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून लागू झाल्या; २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्रीय आदेशाने ते पक्के केले. मूल्यमापनाचे प्रकरण मात्र लागू झाले नाही. म्हणजे नव्या कायद्याचा भाव महामार्गाला आला, नव्या कायद्याचा प्रश्न आला नाही.

पर्यावरणाच्या बाजूलाही अशीच पायरी आहे. २००६ च्या अधिसूचनेत ३० किलोमीटरपेक्षा लांब आणि २० मीटरपेक्षा जास्त नवी रुंदी लागणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला पूर्वमंजुरी आवश्यक होती. ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० किलोमीटरवर गेली, आणि रुंदीची अट सध्याच्या आखणीवर ४० मीटर, तर बाह्यवळणावर किंवा बदललेल्या आखणीवर ६० मीटर झाली.

अण्णा हिशोब मांडतात. “एकशेतीस किलोमीटरचे तीन तुकडे केले की एकेक चाळीस-पंचेचाळीसचा होतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात काही काळं असेल असं मी म्हणत नाही. पण शंभरची अट तुकड्याला लावायची की रस्त्याला?”

“तुकडे निविदेसाठी पाडतात,” साहेब म्हणतात. “एवढं मोठं काम एका ठेकेदाराच्या गळ्यात घातलं आणि तो बसला, तर सगळा रस्ता बसतो. मात्र अभ्यास अख्ख्या रस्त्याचा व्हावा, हे मलाही पटतं.”

न्यायालयानेही या मुद्द्याला हात घातला आहे. तमिळनाडूतील विलुप्पुरम ते नागपट्टिणम या सुमारे १७९ किलोमीटरच्या महामार्गाचे चार भाग केले गेले होते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रस्त्याचे भाग पाडणे मुळात बेकायदा नाही, पण पर्यावरण मंजुरी टाळण्याची युक्ती म्हणून ते करता येणार नाही. आणि या प्रश्नावर तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. कायद्याच्या उंबरठ्याखाली राहिलेल्या रस्त्याचे परिणाम नाहीसे होत नाहीत. ते पाहणे यंत्रणेच्या सक्तीतून निघून तिच्या मर्जीवर येते, एवढाच फरक. म्हणून यंत्रणेची अंतर्गत रचना कायद्याइतकीच महत्त्वाची ठरते.

इथे साहेब आपले सर्वांत भक्कम उदाहरण काढतात. “पालखी मार्गाकडेच बघा ना. दोन्ही बाजूंना पालखीसाठी वेगळी पायवाट आहे. देशात किती महामार्गांना असं आहे? हे कोणी केलं? महामार्गवाल्यांनीच.”

उदाहरण खरोखर भक्कम आहे. १६८५ मध्ये तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासून ही वाट मुळात पायी चालणाऱ्यांची आहे. वाहनांच्या हिशोबात पायी चालणारा बसत नाही. महामार्गाच्या आर्थिक मूल्यमापनात वाहन चालवण्याचा खर्च, वाचलेला वेळ आणि टळलेले अपघात यांची बेरीज होते. वर्षातून एकदा येणाऱ्या लाखो पावलांना तिथे रकाना नाही. तरीही ही पावले आराखड्यात आली, कारण ती कामाच्या व्याख्येतच लिहिली गेली होती. पायवाट द्यायची हे आधी ठरले आणि रुंदी, जमीन, खर्च हे त्यानुसार काढले गेले. ती कोणाच्या हरकतीमुळे मिळालेली सवलत नव्हती.

अण्णा हे मान्य करतात आणि तिथूनच आपला मुद्दा उचलतात. “बरोबर बोललात साहेब. जे पहिल्या कागदावर होतं ते रस्त्यात उतरलं. पण वारी म्हणजे नुसतं चालणं नव्हे. काटेवाडीला परीट समाज धोतराच्या पायघड्या घालतो, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला पहिलं गोल रिंगण. त्याला मैदान लागतं, मैदानाला वाट लागते, घोडा धावायला मोकळी जमीन लागते. सावली लागते. पायवाट किती मीटर ते कागदात येतं. विसाव्याचं झाड कुठलं, ते कुठल्या कागदात लिहितात?”

सावलीचा प्रश्न कोनशिलेच्या कार्यक्रमातही आला होता. पायवाटेच्या कडेला सावली देणारी झाडे लावावीत आणि ठरावीक अंतरावर पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, असे आवाहन पंतप्रधानांनी तेव्हा लोकांना केले. आवाहन योग्यच होते. पण पायवाट यंत्रणेने बांधायची आणि सावली लोकांनी आणायची, ही वाटणी यंत्रणेच्या रचनेबद्दल बरेच सांगते. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणानुसार प्रकल्पखर्चाचा १ टक्का वृक्षलागवड आणि देखभालीसाठी ठेवायचा असतो. लावलेला वड सावली धरायला मात्र एका पिढीचा वेळ घेतो, आणि रुंदीकरणात आधी जाते ती कडेची जुनी झाडेच. कोणते झाड वाचवण्यासाठी रेघ थोडी सरकवायची, हा आखणीचा प्रश्न आहे. लागवडीच्या निधीतून त्याचे उत्तर निघत नाही.

सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील भोसे येथे याचा अनुभव आला. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आखणीत यल्लम्मा मंदिराजवळचा, सुमारे ४०० वर्षांचा सांगितला जाणारा वड येत होता. २०२० च्या जुलैमध्ये लोक झाडाभोवती उभे राहिले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना लिहिले आणि आखणी सरकली.

साहेब याचा अर्थ एका बाजूने लावतात: “सांगितल्यावर ऐकलं की नाही?” अण्णा दुसऱ्या बाजूने: “झाडासाठी मंत्र्याला मंत्र्याकडे पत्र लिहावं लागलं. प्रत्येक वडाला असा मंत्री कुठून आणायचा?”

हा प्रश्न खरे तर पहिल्या दिवशी मोजणीला आलेल्या माणसाच्या वहीतच संपायला हवा होता. त्या वहीत झाडाची जात आणि बुंध्याचा घेर लिहिला जातो. झाडाचे गावातले स्थान लिहायला तिथे जागा नसते, आणि लिहिणाऱ्याला तसे कोणी सांगितलेलेही नसते.

रचनेचा प्रश्न जगाला नवा नाही. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांनी शहरांतल्या वस्त्या कापल्या, तेव्हा झालेल्या विरोधातून १९७० च्या महामार्ग कायद्यात एक कलम आले. रस्त्याचे प्रतिकूल आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय परिणाम पूर्णपणे विचारात घेतले जातील अशी मार्गदर्शक तत्त्वे काढा, असे ते कलम सांगत होते. १९७२ मध्ये निघालेल्या तत्त्वांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी कोणता परिणाम किती वजनाचा, हे सांगितलेच नाही. प्रत्येक राज्याच्या महामार्ग विभागाने आपली कृतियोजना लिहावी, एवढे सांगितले. परिणाम कोण ओळखणार, पर्याय केव्हा मांडणार (रस्ता न बांधण्याचा पर्यायही त्यात धरून), इतर खात्यांना आणि लोकांना कोणत्या टप्प्यावर बोलावणार, वेगवेगळ्या विषयांचे जाणकार एकत्र कसे बसणार, हे त्या योजनेत नेमके लिहायचे होते. थोडक्यात, वजनाऐवजी काटा कुठे ठेवायचा ते ठरवायला लावले.

साहेबांना ही पद्धत पसंत आहे. “मी म्हणतो तेच. काटा आमच्याच कार्यालयात ठेवा. वेगळी शाखा काढली की काय होतं माहिती आहे? आराखडा तयार होतो, फाइल त्या शाखेकडे जाते, ती शेरे मारते, इकडचा माणूस शेरे मिटवत बसतो. शेरा मारणाऱ्याला रस्ता बांधायचा नसतो आणि रस्ता बांधणाऱ्याला शेरा कळत नाही. त्यापेक्षा आखणी करणाऱ्या चमूतच एक भूजलाचा माणूस, एक शेतीचा, एक गावगाडा ओळखणारा असू द्या. रेघ ओढतानाच तो हात धरेल.”

“आणि हात सोडवून घेतला तर? त्याचा पगार, त्याचा गोपनीय अहवाल तुमच्याच वरिष्ठाकडे ना?”

हा वाद सिद्धांतात सुटत नाही, पण नीरेच्या खोऱ्यात त्याचा एक निकाल शंभर वर्षांपूर्वी लागून गेला आहे. नीरा डावा कालवा दुष्काळावरचा उपाय म्हणून काढला गेला आणि १८८५ मध्ये पुरा झाला. बारमाही पाणी आले, ऊस आला, आणि निचरा न झाल्याने जमिनी पाणथळ आणि चोपण होऊ लागल्या. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांचा नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचा अभ्यास १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने प्रसिद्ध केला. त्यानंतर १९१६ मध्ये इलाख्याने पाटबंधारे आणि शेती यांची सांगड घालण्यासाठी एक खास पाटबंधारे विभाग काढला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आपली सुरुवात त्याच विभागापासून मोजते.

साहेब खूश होतात. “पाहिलंत? चूक सुधारायचा विभाग अभियंत्यांच्याच खात्यात निघाला. आणि त्यातून देशातली नावाजलेली संस्था उभी राहिली.”

“उभी राहिली खरी. पण १८८५ आणि १९१६ यांत एकतीस वर्षं गेली, साहेब. ज्याची जमीन फुटली त्याचा नातू कर्ता झाला तेवढ्यात. आणि चोपण आहे हे छापलं कोणी? शेती खात्याने. कालवेवाल्यांनी नव्हे.”

दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण उपयोगी आहे. दुखणे बाहेरच्या खात्याने ओळखले. उपाय लागू करण्याचे बळ आतल्या विभागाकडे होते. निदान आणि उपचार एकाच कार्यालयात असणे आवश्यक नाही. निदानाचा कागद उपचार करणाऱ्याच्या टेबलावर वेळेत पोचणे आवश्यक आहे. रस्त्यामुळेही जमीन पाणथळ आणि चोपण होण्याचा तोच जुना धोका आहे. कालव्याखालच्या काळ्या जमिनीत रस्त्याचा भराव आडवा टाकला आणि मोऱ्या कमी किंवा उंच पडल्या, तर वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि काही वर्षांत जमीन पांढरी पडू लागते. भरावाची उंची पूररेषा आणि वाहतूक पाहून ठरते. जमिनीखालचा निचरा पाहायला वेगळी नजर लागते. आणि ती नजर दूर नाही. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, आणि दुष्काळ, क्षार, पाणथळ हेच तिचे विषय आहेत.

अण्णांचा सगळ्यात जिवाभावाचा मुद्दा अर्थात पाण्याचाच. “विहीर अल्याड, ऊस पल्याड, मधून रस्ता. चारी तुटली, पाइपलाइन तुटली. गाळपाच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन निघतो, त्याला समोरच्या शेतातून भवानीनगरच्या कारखान्याला जायचं तर आधी उलट्या दिशेला जाऊन वळण शोधायचं. सर्व्हिस रोड नसेल तर तो उलटाच घुसतो. मग अपघात झाला की चूक ट्रॅक्टरवाल्याची.”

“जमीन तुटल्याचं नुकसान मोबदल्यात धरतात, अण्णा. अधिनियमातच आहे ते.”

आहे. कलम ३-जी मध्ये उरलेल्या जमिनीपासून तुकडा वेगळा पडल्याने होणारे नुकसान विचारात घेण्याची तरतूद आहे. पण तुटण्याची किंमत लावणे आणि तोडावे का हे ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या वेळाही वेगळ्या आहेत. कलम ३-ए ची अधिसूचना निघाल्यावर हरकतीला २१ दिवस मिळतात. तोवर गट नंबर छापून आलेले असतात, म्हणजे रेघ ओढून झालेली असते. हरकती ऐकतो तो सक्षम प्राधिकारी, बहुधा प्रांताधिकारी; त्याच्याकडे जमिनीचे काम असते, आखणीचे नाही. भुयारी मार्ग दोनशे मीटर अलीकडे हवा, ही मागणी त्याच्यापुढे येते आणि ती मंजूर करण्याचा अधिकार दुसऱ्याच कार्यालयात असतो. गावकरी तिथे चिडतो तो नकारामुळे कमी, आणि आपण चुकीच्या दारात उभे आहोत हे उशिरा कळल्यामुळे जास्त.

माळरानाचा प्रश्न याहून अवघड, कारण त्याच्यासाठी हरकत घेणारा खातेदारच नसतो. बारामती-इंदापूरच्या जिरायत भागात गवताळ माळ आहेत. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. तिथे आणि इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतात, लांडगेही याच माळांवर फिरतात. महसुली नोंदीत अशी जमीन पुष्कळदा पडीक असते. पडीक जमीन रस्त्याला सोपी, आणि मुरूम काढायलाही सोपी. रस्ते, पाइपलाइन यांसारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी साधी माती उपसायला मार्च २०२० च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ती सूट रद्द केली.

“मुरुमाचं मात्र खरं आहे,” साहेब कबूल करतात. “रस्त्याचा अभ्यास साठ मीटरच्या पट्ट्यात होतो. मुरूम, खडी, पाणी येतं बाहेरून. तो खड्डा कुणाच्या कागदावर नसतो.”

अण्णा इथे त्यांच्या बाजूने बोलतात. “आणि आमच्यातलेच लोक मुरूम विकतात, तेही लिहा. गाव म्हणजे सगळे एकच नाहीत. बाह्यवळण काढलं तर घरं वाचतात, पण स्टँडवरची हॉटेलं बसतात. ग्रामसभेत एकाला वळण पाहिजे, दुसऱ्याला नको. बाहेरच्याने तोलावं म्हणतो मी, पण बाहेरचा कोण, ह्याचं उत्तर माझ्यापाशीही पुरतं नाही.”

अशा टप्प्यावर दोन्ही भूमिका एका व्यवस्थेच्या जवळ येतात. आखणीचे दोन-तीन पर्याय गट नंबर पडण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी मांडायचे. त्या वेळी कालव्याचा शाखा अभियंता, कृषी अधिकारी, वनपाल, साखर कारखान्याचा ऊस वाहतूक पाहणारा अधिकारी आणि पालखी सोहळ्याचे व्यवस्थापक यांचे म्हणणे लेखी घ्यायचे. निर्णय महामार्ग यंत्रणेनेच करायचा, कारण जबाबदारी तिची. पण कोणते म्हणणे का नाकारले, याचा एक परिच्छेद तिने लिहून प्रसिद्ध करायचा. साहेबांना यात सहा महिने जास्त जातील असे वाटते. अण्णांच्या मते ते सहा महिने नंतर भूसंपादनात आणि कोर्टात जातातच, फक्त त्यांचा हिशोब वेगळ्या खात्यात होतो.

उरतो तो काम झाल्यानंतरचा भाग. प्रकल्प अंमलबजावणी कार्यालय पूर्ण झालेल्या कामाकडून पुढच्या कामाकडे वळते; ठेकेदाराची देखभालीची मुदत संपते. लावलेले झाड जगले का, मोरीच्या वरच्या अंगाच्या विहिरीची पातळी बदलली का, कोणत्या फाट्यावर अपघात होतात, हे तेव्हा पाहायचे असते. साहेब सुचवतात की मंजूर अटींची यादी गावनिहाय करून ग्रामपंचायतीत लावावी आणि दर वर्षी वारी येण्याआधी, ज्येष्ठात, यंत्रणेच्या अभियंत्याने ती गावात येऊन वाचावी. रस्त्याकडे सगळ्यांचे लक्ष तेव्हाच असते.

अण्णांना हे पटते. त्यांची दुरुस्ती एकच आहे: आणखी एकदा, कारखान्याची मोळी टाकण्याआधीही.